तुमची शिलाई उसवली

उस्ताद,

चार महिन्यांमागं मी तुमची शिलाई उसवली. तुमची म्हणजे तुम्ही शिकवलेली, माझ्या हातची. दुहेरी टाका, आतून कॅनव्हासची पट्टी, कडेला पायपिंग, सगळं तुमच्या रिवाजानं. अन् ती काही कुण्या गिऱ्हाइकाच्या गाडीची नव्हती, माझ्याच पोराच्या नव्या गाडीची होती. हे तुम्हाला सांगितल्याबिगर चैन पडंना, म्हणून दुपारचं गिऱ्हाईक कमी असतं तेवढ्या वेळात लिहायला बसलोय. तुम्हाला मराठी वाचता यायची नाय. दुकानाची पाटी रंगवून आली तेव्हा तुम्ही ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली होती अन् वर विचारलं होतं, "बराबर लिख्या ना रे उसने?" तुमचं उर्दू मला वाचता येत नव्हतं, माझं मराठी तुम्हाला. त्यामुळं एक बरंय, मनात येईल ते लिहिता येतं.

मी तुमच्याकडं आलो तेव्हा चांगला बाप्या झालेला होतो. लग्न झालेलं, बायको गावी पाचोडला, अन् वाळूजच्या कंपनीतलं ठेकेदाराकडचं काम सुटलेलं. माझा बाप मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचा आणि भेटंल त्याला सांगायचा की पोरगं कंपनीत लागलंय. कोणत्या तोंडानं घरी जावं? म्हणून शहागंजात नुसता हिंडत होतो, तर तुमच्या शेडपुढं एका जीपगाडीच्या सीटा काढून रस्त्यावर मांडलेल्या दिसल्या. चिकटवायच्या सोल्युशनचा तो वास, कापलेल्या फोमचा ढीग, अन् ढिगावर बसून पेरू खाणारी तुमची पोरगी. तुम्ही मशीनवरून मान वर न करता विचारलं, "क्या आता तेरेकू?" मी म्हणालो, मेंढरं कातरता येतात. तुम्ही इतके हसले की चष्मा नाकावरून खाली आला. "फिर तो आधा काम आता. इधर बी खालच उतारनेकी है." अन् जुनं कव्हर सोलायला माझ्या हातात कातरी दिली. त्या दिवसापासून तुमच्या दुकानात माझं नाव पाचोड पडलं. ए पाचोड, चाय बोल. ए पाचोड, टेप किधर है. एकदा माझी बायको दुकानावर आली होती, तिनं ते ऐकलं अन् तिला लई राग आला. पुढं तिनंच घरी मला त्या नावानं चिडवायला सुरुवात केली, आजबी चिडवती.

मी एकट्यानं शिवलेलं पहिलं कव्हर तुम्हाला आठवत असंल का? मला तर त्या रेक्झीनचा रंगबी आठवतोय, पिस्त्यासारखा हिरवा. मोठ्या ऐटीत मी ते सीटवर चढवलं. तुम्ही आले, सीटवर गुडघा टेकवला, दोन्ही हातांची बोटं शिलाईच्या दोन बाजूंना रुतवली अन् ओढलं. कर्रकन आवाज झाला. तुम्ही ते कव्हर सीटवरून ओढून काढलं आणि रस्त्यावर भिरकावलं, अन् एक रिक्षा त्याच्यावरून गेली. मग बोलले, "कपडा फटे तो चलता. टाका फटा, तो मेरे दुकान में नक्को." मी असला तापलो म्हणता. तडक निघालो आणि स्टँडवर जाऊन बसलो. पाचोडची गाडी लागली, कंडक्टरनं घंटी दिली, गाडी गेलीसुद्धा, अन् मी तिथंच. पोटात कावळे ओरडायला लागले तसा गुमान परत आलो. तुम्ही डब्यातला अर्धा नान अन् मटणाचा खलिया माझ्याकडं सरकवला. "खा. फिर उधेड, फिर सी." मी खाल्लं, उसवलं, पुन्हा शिवलं. तुम्ही पुन्हा गुडघा टेकवला. या वेळी टाका राहिला. तुम्ही शाबासकी वगैरे दिली नाय, पुढची सीट दाखवली.

माझं पोरगं झालं तेव्हा तुम्ही उरलेल्या तुकड्यांची गादी शिवून पाठवली होती, पाळण्यात घालायला. लालभडक रेक्झीन, मधोमध चौकटीची शिलाई, कडेला पांढरी पायपिंग. अशी गादी साऱ्या पाचोडात कुणी बघितली नव्हती. गावातल्या बायका खास ती बघायला यायच्या. माझी आई म्हणायची, लेकराला मोटारीत झोपवलंय की काय. पोरगं मुतलं की मूत रेक्झीनवरून घरंगळून खाली जायचं, आईनं खाली तांब्याच मांडून ठेवला होता. मी तुम्हाला हे सांगितलं, तर तुम्ही म्हणाले, "मग चांगलंय की, सडणार नाय." तेवढंच एक वाक्य तुम्ही माझ्याशी धड मराठीत बोलल्याचं आठवतंय. तुमच्या तोंडी ते इतकं गोड वाटलं होतं की मी दिवसभर त्याची नक्कल करत बसलो.

अन् मागची सीट. उस्ताद, मागच्या सीटवर तुमचा हात कुणी धरला असता? आख्ख्या शहरातून लोक यायचे ते त्या सीटसाठी. बाकीचे कारागीर कव्हर घालायचे, पण मध्ये पट्ट्याचे ते बकल वर यायचे, प्लास्टिकचे काळे ठोकळे, त्यांच्याभोवती कापडाला सुरकुत्या पडायच्या. तुम्हाला सुरकुतीचा भारी तिटकारा. तुम्ही बकल सीटच्या फटीत खाली दाबायचे, वरून कापड ताणून घ्यायचे आणि मागून हुक मारायचे. पट्ट्याचं वरचं टोक गुंडाळून रबर लावून मागं खोचून टाकायचे. मग तळहात फिरवायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठं अडथळा नाय. गिऱ्हाईकबी हात फिरवायचं आणि खुश व्हायचं. पट्टा कुठं गेला असं विचारणारा मला तरी एकबी भेटला नाय. मागं बसून पट्टा लावायचा असतो हे तेव्हा माहीत कुणाला होतं? पुढं बसणारेबी पोलीस दिसला की पट्टा नुसता खांद्यावर टाकायचे. ती विद्या मी तुमच्याकडून शिकलो, आणि तुमच्यामागं स्वतःचं दुकान टाकल्यावर तिच्यावरच माझं नाव झालं. लोक म्हणतात, उस्तादांच्या हाताखाली तयार झालाय, मागची सीट बघा त्याची.

आता पोराचं सांगतो. तीच लाल गादीवाली स्वारी. त्याला पुण्याला नोकरी लागली, लेक झाली, अन् त्यानं गाडी घेतली. नवी कोरी, पांढरी, सहा एअरबॅगवाली. शोरूमवाल्यानं हे सहाचं इतकं गुणगान केलं की आमच्या घरात चार दिवस दुसरा विषय नव्हता. पोरगा मला बोट दाखवून सांगायचा, दादा, एक इथं स्टेअरिंगमध्ये, एक समोर डॅशबोर्डात, दोन छताच्या कडेला, दोन पुढच्या सीटांच्या बाहेरच्या कुशीत. मी मान हलवत होतो, माझं ध्यान सीटांवर होतं. कंपनीचं कापड बघितलं तर नुसतं चिरगूट. म्हटलं, माझा पोरगा असल्या सीटवर बसणार? दुकान बंद ठेवलं आणि स्वतः बसलो. चॉकलेटी रेक्झीन, तुमची चौकटीची शिलाई, कडांना दुहेरी टाका. मागचे बकल गेले फटीत. अन् पुढच्या सीटांच्या कुशीला बारकी पट्टी असते बघा, इंग्रजी अक्षरांची, एअरबॅग असं लिहिलेली. मला वाटलं, कव्हराखाली झाकली जाईल, वाया जाईल. म्हणून ती नाजूकपणे कापून काढली आणि माझ्या कव्हरावर बरोबर त्याच जागी शिवली, दुहेरी टाक्यानं. गाडी कंपनीतूनच अशी आल्यासारखी दिसायला लागली. पोरगा बघतच राहिला. सून म्हणाली, मामंजी, हात आहे तुमचा.

ते पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी तुमची लेक आली. तीच, पेरू खाणारी. इंजिनीअर झाली अन् आता वाळूजला सीटा बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या जागेवर आहे. आम्ही दोघं एकाच धंद्यात आलो असं ती नेहमी हसून म्हणती, फक्त ती गाडी विकायच्या आधी अन् मी विकल्यावर. नातीसाठी फ्रॉक घेऊन आली, शिरखुर्म्याचा डबा आणला, सगळ्यांशी बोलली. मग गाडी बघायला अंगणात गेली. मी बी मागं गेलो, खोटं कशाला बोलू, तिच्या तोंडून चार शब्द ऐकायचे होते. तुमच्या रक्ताचं माणूस ते. तिनं ड्रायव्हरच्या सीटच्या कुशीवर अंगठा दाबला. मी शिवलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं. मागचं दार उघडून फटीत हात घातला अन् चाचपत राहिली. बाहेर आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं. म्हणाली, "चाचा, ये सब खोलना पडेगा."

घरातले पाहुणेबी अंगणात जमले होते, उस्ताद. माझा व्याही होता. सगळ्यांच्या पुढं ती असं बोलली. मी आधी हसण्यावारी नेलं. म्हटलं, का गं, टाका कच्चा वाटला का? तर म्हणती, "नाय चाचा, पक्का आहे. तीच तर अडचण आहे." अन् सांगायला लागली. कुशीतल्या फुग्याला बाहेर यायला सीटच्या शिलाईतूनच वाट ठेवलेली असती. तेवढ्या वितभर जागी कंपनी मुद्दाम कमजोर दोरा वापरती. धडक बसली की ती शिलाई फाटली पाहिजे, अन् तीबी पापणी लवायच्या आत. "आमच्याकडं ती फाटली नाय तर सीट नापास होती. अब्बा देखते होते तो सर पीट लेते." ती हसत होती, पण मला काय हसू येईना. माझ्या डोक्यात तिडीक गेली. जी शिलाई टिकली नाय म्हणून तुम्ही कव्हर रस्त्यावर टाकलं, ती शिलाई फाटायलाच पायजे असं तुमचीच लेक मला माझ्या दारात सांगती? मी म्हणालो, चार बुकं शिकलीस म्हणून बापाचा हुन्नर खोटा ठरवू नकोस. पोरगा मध्ये पडला, म्हणाला, ताई, राहू द्या ना, दादांनी इतक्या हौसेनं केलंय, अन् गाडीला सहा एअरबॅग आहेत, काही होत नाय.

तेव्हा ती पोरावर खवळली. सुनेला विचारलं, तू कुठं बसणार? सून म्हणाली, पुढं. लेकरू? माझ्या मांडीवर. "पट्टा?" सून म्हणाली, दोघींना मिळून लावीन की. तुमच्या लेकीनं कपाळाला हात लावला. म्हणाली, फुगा म्हणजे काय उशी वाटली का तुम्हाला, हळूच गालाला लागणारी? तो बंदुकीच्या बारासारखा फुटून बाहेर येतो. लेकरू मांडीवर असलं तर ते तुझ्या अन् फुग्याच्या मध्ये. एकच पट्टा दोघींना लावला तर तुझं वजन लेकराच्या पोटावर. अन् ज्याला तुम्ही वाचवणारं समजता, तेच आधी लेकराला लागंल. मग मागचं दार उघडून म्हणाली, "हिला इथं बसवायचं, तिच्या मापाच्या खुर्चीत बांधून. पण बांधणार कशाला? बकल कुठंय, चाचा?" मी आत निघून गेलो. ती माझ्या मागून म्हणाली, "उस दिन अब्बा पीछे बैठे थे."

उस्ताद, आता ते लिहावंच लागंल. तुमच्या त्या जुन्या गिऱ्हाइकाची मरून रंगाची गाडी, जिच्या कव्हरांवर तुमचा फार जीव होता. त्याच्या घरचं पैठणला लग्न होतं आणि तुम्हाला न्यायला तो स्वतः आला होता. तुम्ही नवी शेरवानी घातली होती. पुढं बसा म्हणून तो म्हणत होता, तर तुम्ही म्हणाले, नक्को, मी माझ्या सीटवर बसतो, अन् मागं जाऊन ऐसपैस बसले. मला हात केला. चितेगावच्या पुढं ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी आली. तो मालक पट्टा लावून होता, त्याच्यापुढं फुगा फुटला, नाक सुजलं अन् तोंडाला पांढरी भुकटी लागली, एवढ्यावर तो आपल्या पायानं गाडीतून उतरला. तुम्ही मागून दोन सीटांच्या मधून पुढं गेले. दवाखान्यात पोचेपर्यंत तुम्ही नव्हते.

गाडी पोलिसांनी लावून ठेवली होती, ती मी बघायला गेलो होतो. बोनेट चेपलेलं, काच नाय, स्टेअरिंगमधून तो फुगा लोंबत होता, फाटक्या पिशवीसारखा. मागची सीट मात्र जशीच्या तशी. एक सुरकुती नाय, एक टाका गेलेला नाय. मी तिच्यावर हात फिरवून रडलो. आणि तुमच्या घरी बसायला आलेल्या लोकांना मी हेच सांगत होतो, गाडीचा चुराडा झाला पण उस्तादांची शिलाई तसूभर हलली नाय. लोक मान डोलवायचे. मला वाटायचं, मी तुमची इज्जत राखतोय. तुमची लेक तेव्हा कॉलेजला होती, दाराशी उभी राहून ऐकायची. तिच्या मनात तेव्हा काय चाललं असंल, हे मला त्या दिवशी अंगणातून आत जाताना पहिल्यांदा समजलं. समजलं म्हणजे काय, मला ते आधीपासून ठाऊक होतं बहुतेक. म्हणूनच तर एवढा राग आला. ती खरी असली तर मग तुमचं काय, हा प्रश्न माझ्यापुढं उभा राहत होता आणि मला तो नको होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूळ भरत होतो, तर ती फाटकातून आत आली. कामावर जायच्या कपड्यांत, गळ्यात कंपनीचं कार्ड. पोराकडून चावी घेतली, गाडीचं दार उघडलं, माझ्या हत्याराच्या पेटीतून ब्लेड काढलं अन् सीटपाशी गुडघ्यावर बसली. ब्लेड धरायची तिची पद्धत बघून मला कसंसंच झालं. अंगठ्याच्या पेरावर आडवं, तुमच्यासारखं. कुणी शिकवलं तिला? फोमवर बसून बघतच शिकली असंल. एकेक टाका उचलून कापत होती, रेक्झीनला ओरखडा न पडू देता. मी थोडा वेळ टॉवेल खांद्यावर टाकून उभा राहिलो. मग म्हटलं, अगं, असं नाय, आतला टाका आधी सोडव, नाय तर कॅनव्हास फाटंल. ती म्हणाली, "तो आओ ना, चाचा." मी दुसऱ्या बाजूनं बसलो.

उसवता उसवता ती बोलत होती, या वेळी हळू. म्हणाली, लोक एअरबॅग मोजतात, पट्टा कुणी मोजत नाय. पण फुगा पट्ट्याच्या भरवशावर बनवलेला असतो. धडक बसली की पहिल्यांदा पट्टा आपोआप करकचून आवळतो, माणसाला सीटशी धरून ठेवतो, मग छाती मोडू नये म्हणून जरासा सैल सोडतो. तेवढ्यात समोर फुगा फुगून तयार. माणूस पुढं झुकतो तो थेट त्याच्यात, अन् फुग्याला मागं भोकं असतात, त्यांतून हवा जायला लागती, म्हणून तो मऊ पडतो. पट्टा नसला तर माणूस अगोदरच पुढं जाऊन पोचतो आणि फुटणारा फुगा त्याच्या थोबाडीत बसतो. मागच्यांचं तर विचारूच नका, त्यांच्यापुढं फुगा नाय, पुढच्यांच्या पाठी आहेत. मागचा बांधलेला नसला तर तो स्वतःबी जातो अन् पुढच्यालाबी घेऊन जातो. मी विचारलं, मग उस्तादांनी पट्टा लावला असता तर? ती टाके कापत राहिली. मग म्हणाली, "पता नहीं, चाचा. पण लावता आला असता." उस्ताद, मला रडू आलं. ती पण रडत होती. सून चहा घेऊन आली होती, ती कप तसाच बोनेटवर ठेवून आत गेली.

पुढच्या दोन्ही सीटांची कव्हरं आम्ही काढूनच टाकली. मी कापलेली ती पट्टी तिनं खिशात टाकली अन् पोराला दम भरला की कुशीची शिलाई आधी शोरूमच्या वर्कशॉपात तपासून घ्यायची, मगच पुणं. तो दोन दिवस उशिरा निघाला. मागच्या सीटला मी कव्हर ठेवलं, पण बकलांना तोंडं कापून दिली. भोकाच्या कडेला सुरकुत्या पडल्या. कितीबी ताणलं तरी पडतातच, तुम्हाला माहीत आहे. नातीला तिच्या खुर्चीत बांधली तर तिनं आकाशपाताळ एक केलं. सून मागं तिच्या शेजारी बसली, पट्टा लावून. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत पोरीचं रडणं ऐकू येत होतं अन् मला बरं वाटत होतं.

आता दुकानाचं ऐका, आणि हेच मला मुळात तुम्हाला सांगायचंय. मी बकल झाकायचं बंद केलं. ज्या सीटच्या कुशीत फुगा असतो, ती कूस उघडी ठेवतो. गिऱ्हाईक भांडतं. म्हणतं, शेजारचा कारागीर एकदम साफ बसवून देतो, तुमच्याकडंच ह्या सुरकुत्या कशाला? मी आधी तुमच्या लेकीनं सांगितलं तसं सगळं समजावून सांगायचो, पट्टा आधी, फुगा नंतर. ते ऐकून घ्यायचे अन् शेजारी जायचे. मग एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकापुढं माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या उस्तादांचा नियम आहे. त्यांच्या दुकानात बकल कधी झाकलं नाय." तो लगेच नरमला. "शहागंजवाले उस्ताद? मग राहू द्या तसंच." तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो. उस्ताद म्हणायचे, पट्टा हाताला लागला पायजे. उस्ताद म्हणायचे, मागं बसणाराबी माणूसच असतो. तुम्ही असलं काही म्हणाल्याचं मला आठवत नाय. पण लोक ऐकतात, अन् बकल वर राहतं.

काल मी असाच एकाला सांगत होतो आणि तुमची लेक दारात येऊन उभी होती. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो माणूस तिला ओळखत होता, त्यानं वळून तिलाच विचारलं, खरंय का हो हे? तिनं माझ्याकडं बघितलं. मी टेप गुंडाळायला लागलो. ती म्हणाली, "हौ. अब्बा हर गाडी में ऐसाच करते थे." तो गेल्यावर आम्ही दोघंबी एकमेकांकडं न बघता चहा प्यायलो.

हे पत्र तुमच्यापर्यंत यायचं नाय, म्हणून एवढं कबूल करतो. रोज सांगून सांगून आता ते मलाच खरं वाटायला लागलंय. गिऱ्हाइकाला सांगता सांगता मला स्वच्छ दिसतं, त्या मरून गाडीत बकल वर आहे, तुम्ही कुरकुरत पट्टा ओढून लावता, अन् पैठणचं लग्न जेवून दिवे लागायच्या आत घरी येता.